धाकटीतलं सोनं

दौंडला ज्यांच्या घरी मी कॉलेजची तीन वर्षं भाड्यानं राहिले, त्यांच्या घरातून केर बाहेर जात नसे. आपण सगळे आतून दाराकडं झाडतो. आमचे घरमालक काका दारापासून आत झाडायचे. झाडत झाडत मागच्या खोलीत जायचे, तिथं केर पिशवीत भरायचे आणि पिशवीला चिठ्ठी बांधायचे. माझ्या केराचीही वेगळी पिशवी होती. ‘खोली दोन’ असं तिच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं आणि खाली महिना.

“केर हा शब्द आळशी माणसानं काढलाय,” ते म्हणायचे. “बघायचा कंटाळा आला की माणूस म्हणतो, केर आहे.”

उंबऱ्याला लागून आतल्या बाजूला एक पितळी परात ठेवलेली असे. येणाऱ्यानं चप्पल तिच्यात झटकायची, मगच पुढं यायचं. मी पहिल्यांदा आले तेव्हा काका परातीकडं बोट दाखवून म्हणाले, “काय घेऊन आलीस ते आधी इथं ठेव.” मी पिठाचा डबा परातीत ठेवला. काकू हसत बाहेर आल्या. “अगं, डबा नको. पायाची धूळ मागतायत ते.” मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “लग्नात मला वाटलं, माणूस फार स्वच्छतेचा आहे. नंतर कळलं, ह्यांना धूळच आवडते.”

काका झारेकरी होते. सोनार कानस चालवतो, तार ओढतो, दागिना घासतो, तेव्हा सोन्याचा बारीक कीस खाली पडतो. तो चटईत अडकतो, शेगडीच्या राखेत मिसळतो, सोनाराच्या सदऱ्याला चिकटतो. हा सगळा केर गोळा करायचा, जाळायचा, कुटायचा आणि परातीत घेऊन वाहत्या पाण्यात धुवायचा. माती पाण्याबरोबर जाते, जड सोनं तळाशी राहतं. त्यातलं सोनाराला नेऊन द्यायचं आणि आपला वाटा घ्यायचा. पोतंभर केरातून किती निघालं हे धुणाऱ्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. म्हणून हा धंदा सगळा शब्दावर चालतो. काकांचा शब्द ठरलेला होता. नव्या सोनाराकडं गेले की ते एवढंच सांगायचे, “माझ्या परातीतून जे गेलं, ते सोनं नव्हतंच.”

सोनारगल्लीतल्या न्हाव्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं की सोनारांचे केस वेगळे ठेवायचे. तो ठेवायचाही. सोन्याचं काम करताना काका श्वास धरून बसत. शिंक आली तर अंगण ओलांडून गल्लीत पळत, तिथं शिंकत आणि परत येत. शेजारी शिंका मोजायचे. “काय काका, आज तीनदा! बरंच निघालेलं दिसतंय.”

चहा ते वाटीतून प्यायचे, दोन्ही हातांनी धरून. कपबशी घरात होती, पण पाहुण्यांसाठी. ही त्यांची आणखी एक तऱ्हा, असं मी तेव्हा धरून चालले.

त्यांची आणि आमची ओळख नदीनं करून दिली. आमचं गाव शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्यापासून थोडं आत. थोरली नदी म्हणजे भीमा. तिला जाऊन मिळणारी आमची ती धाकटी. नकाशात तिला काही नाव असेल, गावात तिला दुसरं नाव नाही. पावसाळ्यात चार महिने ती नदी असते, मग दोन महिने ओढा, आणि नंतर जागोजागी डोह. आमच्या शेताच्या खाली तिच्या पात्रात एक सपाट कातळ आहे. दिवाळीनंतर त्याच्यावरून पाणी असं एकसारखं, बोटभर उंचीचं वाहतं की जणू कुणी पातळी लावून सोडलंय. ह्या पाण्यासाठी काका दौंडहून टेम्पोत पोती टाकून यायचे. भीमेचं पाणी फार, आणि फार मळलेलं. “परातीला धाकटीच लागते,” म्हणायचे. पाऱ्यात बारीक सोनं धरायचं आणि मग पारा भट्टीवर उडवायचा, हे काम घरच्या अंगणात. नदीत त्यांनी मातीशिवाय काही सोडलं नाही, असं ते सांगायचे आणि आम्ही मानायचो.

माझे वडील, आप्पा, तिथंच कांद्याला पाणी द्यायला मोटर चालू करत. दुपारी दोघं एका बांधावर भाकरी खात. मी बारावी झाले तेव्हा आप्पांनी दौंडला खोलीचं विचारलं.

“दोन नंबरची रिकामी आहे,” काका म्हणाले. “पोरीच्या अंगावर सोनं असतं का?”

“न्हाई वो. कुठलं सोनं.”

“मग चांगलं. नाहीतर तिचं माझ्यात मिसळेल.”

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. मी रसायनशास्त्र घेतलं, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. काका सातवी शिकलेले. पण मी पुस्तक उघडून बसले की त्यांच्या कामाचा दिवा ते माझ्या टेबलावर आणून ठेवत. विचारत, “आज काय आहे?” मी सांगायची, घनता. “म्हणजे काय जड, काय हलकं, तेच ना?” असं म्हणून ते अंगणात न्यायचे आणि वाळू, लोखंडाचा कीस आणि शिशाचे दाणे परातीत घालून एका हिसक्यात तीन पट्टे वेगळे करून दाखवायचे. प्रयोगशाळेत मला जे कळलं त्यातलं बरंच आधी त्या परातीत दिसलेलं होतं.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आमच्या भावकीतल्या गंगूआत्या कातळावर गोधड्या धूत होत्या. कातळाच्या एका भेगेत काहीतरी चमकलं. त्यांनी ते नखावर घेतलं, पदराला बांधलं आणि बाजारच्या दिवशी सोनाराला दाखवलं. सोनारानं घासून पाहिलं आणि सांगितलं, सोनं आहे. कणभर, पण सोनं.

गावातल्या तात्यांनी त्याचा व्हिडिओ केला. तात्यांकडं ट्रॅक्टर होता, जेसीबी होता आणि गावात आवाज होता. दोन दिवसांत वरवंड, पाटसहून मोटरसायकली यायला लागल्या. ऊसतोडीची एक टोळी कोयते बैलगाडीत ठेवून नदीत उतरली. गावातल्या दुकानातल्या चाळण्या संपल्या. कुणी पुरणयंत्र आणलं, कुणी मच्छरदाणी. एकानं वॉशिंग मशीनचा ड्रम काढून आणला आणि तो डोहात फिरवत बसला. काठावर वड्यांची गाडी लागली. खाण वर डोंगरात आहे असं काहींचं म्हणणं, तर काहींच्या मते जुन्या कुणाचा तरी हंडा फुटला होता. तात्यांचं म्हणणं वेगळंच होतं.

“त्यो दौंडचा माणूस वीस वरसं आपल्या नदीत परात घालतोय. म्हणं, केर धुतो! केर धुवाया कुणी इतक्या लांब येतं व्हय? त्यो आपलंच सोनं नेत व्हता, आन् आपण त्याला भाकरी देत व्हतो.”

आणि हे साऱ्या गावाला पटलं. पोती येताना भरलेली असत आणि जाताना रिकामी, हे वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेल्यांनाही पटलं.

शनिवारी मी घरी गेले तर आप्पा गुडघाभर पाण्यात, हातात आईची पीठ चाळायची चाळण.

“आप्पा, कांद्याला पाणी?”

“कांदा दरसाल येतो गं.”

पंधरा मिनिटांत मीही सलवार खोचून पाण्यात होते. कातळाच्या खाली दहा-बारा पावलांवर मला एक कण सापडला. खरं सांगते, त्या क्षणी मला आमचं शेत, परीक्षा, काहीच आठवलं नाही. मी तो वहीच्या कागदात घडी करून ठेवला.

त्याच संध्याकाळी पारावर ठरलं की शुक्रवारी बंधाऱ्याचे ढापे काढायचे. कातळापासून खाली चारशे पावलांवर आमचा बंधारा आहे. पावसाळा सरला की त्याच्या दारांत लोखंडी ढापे टाकतात, मग होळीपर्यंत पाणी तुंबून राहतं. त्यावर दोन्ही काठांचा कांदा असतो आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीरही. तात्यांचा हिशोब सरळ होता. नदी वरून सोनं आणते, बंधारा अडवतो, म्हणजे खरं सोनं बंधाऱ्याच्या पायाशी. पाणी सोडून द्यायचं आणि जेसीबीनं गाळ काढायचा. तात्यांच्या शेताला लांबून पाईपलाईन होती. ज्यांना नव्हती त्यांनीही माना डोलावल्या. आईनं घरी येऊन एवढंच विचारलं, “मग प्यायचं काय?” आप्पा चाळण धूत राहिले.

सोमवारी दौंडला आल्यावर मी कागदाची घडी काकांपुढं उघडली आणि सगळं सांगितलं. त्यांच्याबद्दल काय बोलतात तेही सांगितलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ श्वास धरून बसले.

“कुठं सापडला?”

“कातळाच्या खाली. दहा-बारा पावलं.”

“बघ.”

मी भिंगातून पाहिलं. कण गोल नव्हता. वळलेला, नखाच्या तुकड्यासारखा, आणि एका अंगाला बारीक समांतर रेघा.

“ह्या रेघा कशाच्या?” त्यांनी विचारलं.

“दगडावर घासला असेल.”

“दगड इतक्या सरळ रेघा मारत नाही. ही कानस आहे. नदीकडं कानस नसते.”

काकू ताट पुसत होत्या, त्यांचा हात थांबला. त्या घरात ह्या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. ते सोनं दौंडच्या सोनारांचं होतं आणि काकांच्या परातीतून गेलं होतं.

“कुणाला बोलू नका,” काकू म्हणाल्या. “पोरी, तूही नको. ज्याच्या परातीतून गळतं त्याला कोण केर देईल? गावाला आज ना उद्या कळेलच तिथं काही नाही ते.”

“ढापे कधी काढणार?” काकांनी मला विचारलं.

“शुक्रवारी सकाळी.”

मी काही मागितलं नाही. माझ्या तोंडावर मात्र आमचा कांदा आणि विहीर दोन्ही दिसत असणार. काकांनी कण परत घडीत ठेवला आणि घडी माझ्या हातात दिली.

आप्पांचा बुधवारी फोन आला. “काकांना म्हणावं, इकडं फिरकू नका. लोकं लई चिडल्याती.” मी निरोप दिला. काका म्हणाले, “बरं.” आणि गुरुवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, काखेत लोखंडी परात घेऊन एसटीला उभे राहिले. मी कॉलेज बुडवून बरोबर गेले.

“आलं बघा मालक!” तात्या काठावरूनच ओरडले. “काय काका, आज पोतं न्हाई आणलं? आज नुसतंच न्यायचं का काय?”

लोक हसले. ते हसू चांगलं नव्हतं. आप्पा पाण्यातून बाहेर येऊन काकांच्या शेजारी उभे राहिले.

“तात्या, कातळाच्या वरच्या अंगाची वाळू भर,” काका म्हणाले. “तुझ्या हातानं, तुला वाटेल तिथली.”

तात्यांनी तीन घमेली भरली. काकांनी धुतली. काही नाही.

“हातचलाखी हाय ही!”

“मग गंगूआत्या धुतील.”

गंगूआत्यांनी कधी परात धरली नव्हती, पण जन्मभर तांदूळ धुतले होते. काकांनी एकदा मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. आत्यांनी आणखी तीन घमेली धुतली. काही नाही. मग कातळाच्या खालची वाळू घेतली. पहिल्याच घमेल्यात दोन कण.

“म्हणजे सोनं वरून येत नाही,” काका म्हणाले. “इथंच सुरू होतं.”

“आन् हितं काय हाय?”

“इथं मी बसतो.”

काकांना वाटलं असावं, झालं, सांगून टाकलं. पण तात्यांना भलतंच समजलं.

“ऐकलं का रं? म्हणं, सगळं ह्यांचंच हाय! मालकी सांगाया आलाय!”

एकच गलका झाला. “आमच्या नदीत तुमचं सोनं कुठनं आलं?” “नावानिशी लिवलंय का त्याच्यावर?” ड्रमवाला माणूस ड्रम घेऊन पुढं आला.

“माझं नाही,” काका म्हणाले. त्यांचा आवाज कधी मोठा होत नसे, म्हणून पुढचे लोक मागच्यांना गप्प करायला लागले. “दौंडच्या सोनारांचं आहे. त्यांच्या केरात होतं. माझ्याकडून सांडलं.”

“वीस वरसं ह्येच काम करणारा सोनं सांडतो व्हय?”

काकांनी परात खाली ठेवली आणि उजवा हात सगळ्यांसमोर आडवा धरला. बोटं थरथरत होती. थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

“चार वर्षं झाली,” ते म्हणाले. “असा हात असला की सांडतं.”

मला वाटीतला चहा आठवला.

तात्या जरा नरमले, पण सोडायला तयार नव्हते. “बरं, सांडलं. मग वाहत वाहत बंधाऱ्यापातुर गेलं असंल की. ढापे तर काढावंच लागतील.”

काका कातळावर आपल्या नेहमीच्या जागी बसले. बोटातली अंगठी ओली करून काढली. ती लग्नातली होती, काकूंच्या माहेरची. खिशातून लहान कानस काढली आणि पाण्यावर धरून अंगठी घासायला लागले. घराच्या केरातला कण सोडत नाही असा हा माणूस, आणि त्याच्या बोटांतून सोन्याचा कीस उन्हात चमकत पाण्यात पडत होता. कानस मध्येच घसरायची, ते पुन्हा लावायचे. अंगठीची एक बाजू सपाट झाली तेव्हा थांबले.

“आत्या, आता खाली धुवा. पावलं मोजून.”

चार पावलांवर बरेच कण सापडले. सातवर थोडे. पंधरावर एक. तीस पावलांवरची तीन घमेली आत्यांनी धुतली, नुसती वाळू.

“सोनं जड असतं,” काका म्हणाले. “ते हिंडत नाही.”

आप्पांनी कमरेची चुन्याची डबी काढली. तिच्यात त्यांनी आठवडाभरात गोळा केलेले पाच कण होते. त्यांनी ते तळहातावर घेतले, शेजारी आत्यांच्या परातीतला ताजा कण ठेवला आणि तात्यांच्या डोळ्यांपुढं हात धरला. तोच वळलेला आकार, त्याच रेघा.

“तात्या, ह्ये तेच हाय की रं,” आप्पा म्हणाले. “आन् बंधारा चारशे पावलं.”

तात्यांनी एक कण उचलून उन्हात धरला. मग आपल्या जेसीबीवाल्याकडं वळून म्हणाले, “काय बघतो? जा, लाव घरला.” एवढ्यावर मिटलं. लोक पांगले. वड्यांची गाडी सगळ्यात शेवटी हलली. शुक्रवारी ढापे जागेवर होते, आणि आप्पांनी कांद्याची मोटर पुन्हा चालू केली.

गंगूआत्यांनी अंगठीचे कण पळसाच्या पानात गोळा करून काकांपुढं धरले. काकांनी घेतले नाहीत. आत्यांच्या हाताकडं मात्र पाहत राहिले. “तुमचा हात चांगला आहे,” म्हणाले.

दौंडला परतल्यावर बातमी पोचायच्या आत ते स्वतः सोनारगल्लीत दुकानोदुकानी जाऊन सांगून आले. तिघांनी केर देणं बंद केलं. एक तर म्हणाला, इतकी वर्षं किती गेलं कुणास ठाऊक. दोघांनी सांगितलं, धुणारा दुसरा बघा, केर नेत जा. पुढच्या दिवाळीनंतर दोनच पोती धाकटीवर आली. गंगूआत्या परात धरायच्या आणि काका काठावर बसून बघायचे, हात पाठीमागं बांधून.

आता मी शिरूरला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पाऱ्याचा धडा आला की सांगते, त्याची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली तर माणसाचा हात थरथरायला लागतो. मुलं लिहून घेतात. अंगणात वाऱ्याकडं पाठ करून, पारा उडवायच्या मुशीपुढं बसलेले काका मला दिसतात. त्यांच्या दिव्याखाली मी हाच धडा पाठ केला होता, आणि त्यावरून त्यांच्या हाताचं काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

खोली सोडायच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मागच्या खोलीतून ‘खोली दोन’च्या तीन वर्षांच्या पिशव्या आणल्या आणि जमिनीवर ओळीनं मांडल्या. सगळ्यांतला केर धुऊन, वाळवून झालेला. केसांच्या पिना, पेन्सिलीची टोकं, दोन बटणं, एक मणी.

“तुझं तुला,” ते म्हणाले.

शेवटी एक लहान पुडी दिली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘उंबऱ्याची परात. पोरीचे वडील.’ आप्पा महिन्याला पीठ घेऊन यायचे, तेव्हा नदीकाठची चिखलाची चप्पल त्या परातीत झटकायचे. मी पुडी उघडली. चिमूटभर काळी वाळू आणि तिच्यात एक वळलेला कण. एका अंगाला बारीक रेघा.

खालचा महिना मी दोनदा वाचला. तो मी दौंडला आले त्या पहिल्या वर्षाचा पौष होता. गंगूआत्यांना नदीत सोनं दिसण्याच्या दोन वर्षं आधीचा.

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खाली बघत होते.

“तेव्हा वाटलं,” ते म्हणाले, “एकच सांडला असेल.”

मग त्यांनी झाडू घेतला आणि माझी रिकामी खोली झाडायला लागले, दारापासून आत.